पायऱ्यांची जकात

पुण्यात नव्याने राहावयास आलेल्या माणसाला पहिल्या महिन्या-दोन महिन्यांत कोणी ना कोणी पर्वतीवर जाऊन यावयास सांगतोच. नानासाहेब पेशव्यांच्या कारकिर्दीत, १७४९ साली, तेथे देवदेवेश्वराचे मंदिर उभे राहिले. आज त्या टेकडीवर चढणाऱ्यांत देवदर्शनासाठी जाणारे किती आणि खाली पसरलेले शहर पाहण्यासाठी जाणारे किती, हे सांगणे अवघड आहे. बहुतेकांच्या मनात दोन्ही हेतू एकमेकांत मिसळलेले असतात. माथ्यावरून दिसणाऱ्या या विस्ताराला कोणी किंमत लावलेली नाही. शंभर माणसांनी तो पाहिला म्हणून एकशे एकाव्याच्या वाट्याला तो काही कमी येत नाही.

अर्थशास्त्राच्या वर्गात ‘सार्वजनिक वस्तू’ या प्रकरणाला उदाहरण म्हणून दीपगृह, देशाचे संरक्षण आणि रस्त्यावरचे दिवे ही नेहमीची त्रयी दिली जाते. पॉल सॅम्युएलसन यांनी १९५४ साली या कल्पनेला गणिती रूप दिले आणि पुढे तिची दोन लक्षणे पाठ्यपुस्तकांतून रूढ झाली. एकाच्या उपभोगाने दुसऱ्याचा उपभोग घटत नाही, हे पहिले. कोणालाही त्या उपभोगापासून वगळता येत नाही, हे दुसरे. टेकडीवरून दिसणारा देखावा या त्रयीच्या पंगतीला चौथा म्हणून सहज शोभला असता. पहिले लक्षण त्याला पुरेपूर लागू पडते. दुसऱ्यापाशी मात्र गाडे अडते, कारण पर्वतीला १०३ पायऱ्या आहेत.

पायरी ही एक प्रकारची जकातच होय. ती नाण्यांत भरता येत नाही, गुडघ्यांत भरावी लागते. तरुणाला ती जाणवतही नाही. साठीच्या गृहस्थाला ती दरवर्षी थोडी वाढल्यासारखी वाटते. संधिवाताने जखडलेल्या बाईला ती परवडत नाही. आणि चाकाच्या खुर्चीत बसलेल्या माणसाला तर ती कितीही मोल दिले तरी भरताच येत नाही. गरिबावर श्रीमंताइतकाच कर बसविला तर वृत्तपत्रांतून लेख येतात, मोर्चे निघतात. जो कर केवळ दुबळ्यांवर बसतो आणि सबळांना पूर्ण माफ असतो, त्याविषयी मात्र फारसे कोणी बोलत नाही, कारण तो कोणी बसविला असे कोणालाच वाटत नाही. टेकडीच उंच, त्याला कोण काय करणार, एवढ्यावर विषय संपतो.

या जकातनाक्यावर किती माणसे अडतात? २०११ च्या जनगणनेने देशातील अपंग व्यक्तींची संख्या २ कोटी ६८ लाख, म्हणजे लोकसंख्येच्या २.२१ टक्के, अशी नोंदविली. त्यांतील सुमारे २९ लाख ६३ हजार महाराष्ट्रात होते. पण ही संख्या हिशेबाचा एक कोपरा आहे. त्याच जनगणनेत साठ वर्षांवरील नागरिक १० कोटींहून अधिक होते आणि त्यांतील बहुसंख्यांचे नाव अपंगांच्या कोणत्याही यादीत नव्हते. गुडघे दुखणाऱ्या निवृत्त मुख्याध्यापकाला दाखला मिळत नाही आणि तो मागतही नाही. तो फक्त टेकडीवर जाणे सोडून देतो. पाय मोडून तीन महिने कुबड्यांवर असलेला विद्यार्थी, तान्हे मूल कडेवर घेतलेली आई, हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर चढ टाळण्याची ताकीद मिळालेला कारकून, ही सारी माणसे कधी ना कधी याच रांगेत असतात. किंबहुना पुरेसे आयुष्य लाभलेल्या प्रत्येक माणसाला अखेरीस या रांगेत येऊन उभे राहावे लागते.

तरीही बागेत किंवा टेकडीवर चढउताराची सोय करा, असा अर्ज घेऊन कोणी नगरपालिकेत गेले की एक ठरावीक उत्तर मिळते. ‘तेथे तसे लोक येतच नाहीत.’ हे उत्तर देणारा अधिकारी खोटे बोलत नसतो. तो खरोखर बागेत गेलेला असतो आणि त्याला चाकाची एकही खुर्ची दिसलेली नसते. मागणी नाही तेथे पुरवठा कशाला, हा त्याचा युक्तिवाद बाजाराच्या तर्काला धरूनच असतो. फक्त तो तर्काच्या पहिल्या पायरीवरच थांबतो. अनंत किमतीला कोणत्याही वस्तूची मागणी शून्यच असते. त्या शून्यावरून त्या वस्तूची कोणाला गरज नाही असा निष्कर्ष काढणे म्हणजे दुष्काळात कोणी धान्य विकत घेत नाही म्हणून कोणी उपाशी नाही असे म्हणण्यासारखे आहे.

ही चूक केवळ नगरपालिकेच्या अधिकाऱ्यांची नाही. मोठमोठ्या अर्थशास्त्रज्ञांच्या पद्धतींतही ती दडून राहिलेली आहे. सार्वजनिक उद्यानाची किंमत कशी ठरवावी, असा प्रश्न अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान विभागाला पडला, तेव्हा हॅरॉल्ड हॉटेलिंग यांनी १९४७ साली एका पत्रात मोठी चतुर युक्ती सुचविली. उद्यानाला तिकीट नसले तरी तेथे येण्यासाठी माणसे प्रवासाचा खर्च करतात, वेळ घालवितात. तो खर्च मोजा, म्हणजे त्या स्थळाचे लोकांना वाटणारे मोल हाती येईल. पुढे ही प्रवासखर्चाची पद्धत जगभर रूढ झाली आणि ती उपयुक्तही आहे. पण तिच्या वहीत फक्त आलेल्यांची नोंद होते. जो येऊच शकला नाही, त्याच्या इच्छेचे मोल तेथे शून्य धरले जाते. घराच्या खिडकीतून जी टेकडी तीस वर्षे नुसती दिसते आहे, तिच्यावर एकदा जाऊन यावे ही एखाद्याची इच्छा कोणत्याही खतावणीत जमा होत नाही.

नागरिकांच्या एखाद्या गटाचे खरे काम येथे सुरू होते. असे गट महाराष्ट्राला नवे नाहीत. पुण्यातील टेकड्यांवर पहाटे फिरावयास जाणारी माणसे प्लास्टिकच्या कॅनमधून पाणी वर नेऊन झाडे जगवितात. गावोगावचे ज्येष्ठ नागरिक संघ बागेतल्या बाकांसाठी वर्गणी काढतात. या कामांत जिव्हाळा असतो आणि चिकाटीही असते. तथापि त्यांत एक मर्यादा आपोआप येते. टेकडीवरच्या गटात तीच माणसे असतात, जी टेकडीवर पोचू शकतात. न पोचणाऱ्यांचा प्रश्न त्यांच्या सभेत निघत नाही तो दुष्टपणाने नव्हे. प्रश्न विचारणारे तेथे हजर नसतात, इतकेच.

चेन्नईत घडलेली गोष्ट या दृष्टीने मुद्दाम समजून घेण्याजोगी आहे. ती टेकडीची नाही, समुद्रकिनाऱ्याची आहे. पण अडचण तीच. मरीना किनारा हे त्या शहराचे सर्वांत मोठे मोकळे अंगण. सायंकाळी अर्धे शहर तेथे लोटते. परंतु रस्त्यापासून पाण्यापर्यंत वाळूचा पट्टा काही ठिकाणी तीनशे मीटरांहूनही रुंद आहे आणि भुसभुशीत वाळूत चाकाची खुर्ची दोन हातही पुढे सरकत नाही. म्हणजे शहर समुद्राकाठी, आणि शहरातील काही माणसांना समुद्र फक्त ऐकू येणार. तेथील अपंगांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या संयुक्त मंचाने, ‘डिसॅबिलिटी राइट्स अलायन्स’ने, या एका मुद्द्याचा वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. त्यातून पहिली गोष्ट साध्य झाली ती अगदी लहान होती. ३ डिसेंबरच्या आंतरराष्ट्रीय अपंग दिनाच्या सुमारास महापालिका वाळूवर काही दिवसांपुरता तात्पुरता मार्ग घालू लागली. चार दिवस माणसे पाण्यापर्यंत जात. मग मार्ग उचलला जाई.

एखाद्याला हा तोंडदेखला उपचार वाटेल. वस्तुतः या चार दिवसांनी जे केले, ते कोणत्याही निवेदनाला जमले नसते. ‘तसे लोक येतच नाहीत’ या उत्तराचा आधारच त्यांनी काढून घेतला. वाट होताच माणसे आली. घरातली वृद्ध मंडळी आली, मुले आली, आणि चाकाच्या खुर्च्या लाटांच्या काठाशी उभ्या राहिल्या. मागणी आहे की नाही हे ठरविण्याचा याहून स्वस्त प्रयोग अर्थशास्त्राला सुचला नसता. अखेर २७ नोव्हेंबर २०२२ रोजी मरीनावर कायमचा मार्ग खुला झाला. किनारा नियमन क्षेत्रात पक्क्या बांधकामावर निर्बंध असतात. हा मार्ग लाकडी फळ्यांचा होता. लांबी २६३ मीटर, रुंदी ३ मीटर आणि खर्च सुमारे १ कोटी १४ लाख रुपये.

यानंतरचा भाग बातम्यांतून लवकर मागे पडला, पण तो अधिक बोलका आहे. मार्ग खुला झाल्यावर दोन आठवडेही उलटले नव्हते, तोच ९ डिसेंबरच्या रात्री ‘मँडूस’ चक्रीवादळ किनाऱ्यावर आले आणि टोकाकडचा लाकडी भाग उखडला गेला. पैसा पाण्यात गेला, अशी टीका झाली. कोणताही रस्ता, कोणताही पूल पुरात वाहून गेला तर तो पुन्हा बांधावयाचा की नाही, अशी चर्चा सहसा होत नाही. कितीला आणि कधी, एवढेच विचारले जाते. अपंगांच्या वाटेची मोडतोड झाली की मात्र मूळ निर्णयच चुकला होता की काय, अशी शंका तत्परतेने उपस्थित केली जाते. सोय आणि मेहेरबानी यांतला फरक अशा वेळी उघडा पडतो. चेन्नईच्या महापालिकेने तो मार्ग दुरुस्त केला, आणि त्यानंतर बेझंट नगरच्या किनाऱ्यावरही तसाच मार्ग बांधला, ही गोष्ट पहिल्या उद्घाटनापेक्षा मोठी मानावयास हवी.

आता हाच धडा टेकडीला कसा लावावयाचा? येथे भावनेपेक्षा भूमितीशी गाठ पडते. चाकाच्या खुर्चीसाठी उताराचे कमाल प्रमाण १:१२ मानले जाते. म्हणजे १ मीटर चढण्यासाठी १२ मीटर चालावे लागते. दर ९ मीटरांनंतर दम घेण्यासाठी दीड मीटर सपाट जागा हवी. या हिशेबाने ३० मीटर उंचीच्या, म्हणजे साधारण दहा मजली इमारतीएवढ्या टेकडीच्या माथ्यावर जावयाचे, तर उताराची वाट ३६० मीटर आणि मधल्या सपाट जागा धरून सुमारे ४२० मीटर होते. शिवाय १:१२ हा चढ कागदावर सौम्य दिसतो. स्वतःच्या हातांनी चाके ढकलणाऱ्याला असे तीस मीटर चढणे ही शिक्षाच वाटेल. १:२० चा चढ त्याहून पुष्कळ सुसह्य, पण मग वाट ६०० मीटरांची होते. अशी वाट वळणे घेत टेकडीवर काढावयाची म्हणजे खडक फोडणे, भराव घालणे, झाडे तोडणे आले. खर्च काही लाखांवरून कोटींत जातो. नगर अभियंत्याने एवढा हिशेब मांडला की नागरिकांच्या गटातील निम्मी माणसे तेथेच गारद होतात.

पण या हिशेबात एक गृहीत धरलेली गोष्ट तपासलीच जात नाही. देखावा माथ्यावरूनच पाहिला पाहिजे, असे कोणी ठरविले? माथा हे चढणाऱ्याच्या अभिमानाचे ठिकाण आहे. पाहणाऱ्याला माथ्याची गरज नसते. त्याला एक कडा हवी, समोर मोकळे आकाश हवे आणि पायाखाली सपाट जमीन हवी. समान उंचीच्या रेषेवरून टेकडीला वळसा घालणारी वाट कित्येक ठिकाणी आधीच पडलेली असते. कोठे वनखात्याची जीप जाते, कोठे पाण्याच्या टाकीपर्यंत सेवारस्ता गेलेला असतो. गावाला पाणी खेळविण्यासाठी टाक्या उंचावर बांधाव्या लागतात, त्यामुळे निम्म्या शहरांच्या टेकड्यांवर असा एखादा रस्ता सापडतोच. मुंबईच्या मलबार टेकडीवरील फिरोजशहा मेहता उद्यान, ज्याला सारे हँगिंग गार्डन म्हणतात, ते तर जलाशयाच्या छतावरच वसविलेले आहे. दादरच्या चौपाटीवर २०२२ साली समुद्र पाहण्यासाठी जो सज्जा झाला, तो पावसाचे पाणी समुद्रात सोडणाऱ्या जलवाहिनीच्या मुखावर बांधला आहे. उंची जवळजवळ शून्य, आणि तरीही तेथून वांद्रे-वरळीचा सागरी सेतू दिसतो. जागा निवडताना अशी दृष्टी ठेवली, तर ३० मीटरांच्या चढाचा प्रश्न अनेकदा तीन मीटरांवर येतो. तीन मीटरांसाठी छत्तीस मीटरांचा उतार लागतो, आणि तो ग्रामपंचायतीच्या ऐपतीतही बसतो.

दुसरी गोष्ट त्याहून साधी, आणि म्हणूनच हमखास विसरली जाणारी. चाकाच्या खुर्चीत बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून सुमारे १.१ ते १.२ मीटर उंचीवर असतात. आपल्याकडे सुरक्षेसाठी कडेला जो कठडा घालतात तो बहुधा विटांचा किंवा दगडी, भरीव आणि साधारण तेवढ्याच उंचीचा असतो. परिणाम असा की, रस्ता झाला, उतार झाला, फीत कापली गेली, छायाचित्रे निघाली. आणि ज्याच्यासाठी हे सारे केले तो त्या ठिकाणी पोचल्यावर पांढऱ्या चुन्याची भिंत पाहत बसतो. उभ्या गजांचा कठडा घातला असता तर हे टळले असते आणि खर्चही फारसा वाढला नसता. पण नकाशा करणारा उभ्याने विचार करीत होता. गटात खुर्चीत बसणारा एक जरी सभासद असता, तरी ही चूक पहिल्याच बैठकीत पकडली गेली असती. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ साली ज्या अभ्यासासाठी नोबेल पुरस्काराचा मान मिळाला, त्यातील एक मुख्य निष्कर्ष असा होता की, सामाईक साधनांचे नियम ती वापरणाऱ्यांनीच बनविले तर व्यवस्था टिकते. जंगल, कालवे आणि मासेमारी यांबाबत त्यांनी जे दाखविले, ते टेकडीवरच्या कठड्यालाही लागू पडते.

दृष्टिहीनाला देखाव्याच्या जागी नेऊन काय उपयोग, असेही विचारले जाते. विचारणाऱ्याने एकदा डोळे मिटून अशा जागी उभे राहून पाहावे. मोकळा वारा, खालून येणारा शहराचा संमिश्र आवाज, आगगाडीची शीळ, पावसाआधीचा मातीचा वास यांनी उंची कळते. दगडात उठावाने कोरलेला खालच्या परिसराचा एक नकाशा कठड्याला बसविला, तर नदी कोठून वळते आणि पूल कोठे आहे हे बोटांनी पाहता येते. डोळस मुलेही मग आधी त्या नकाशाकडेच धावतील.

टेकड्या राखण्यासाठी झगडलेल्या माणसांची या सर्वांविषयी एक हरकत आहे आणि ती हलकी मानता येणार नाही. पुण्याच्या समाविष्ट गावांतील टेकड्यांवर जैवविविधता उद्यानाचे आरक्षण टिकविण्यासाठी नागरिकांनी किती वर्षे लढा दिला आणि राज्य शासनाची मान्यता मिळावयास २०१५ साल कसे उजाडले, हे सर्वविदित आहे. आज उतार होईल, उद्या त्यावर डांबर पडेल, परवा मोटारसायकली येतील आणि तेरवा चहाच्या टपऱ्या, ही त्यांची भीती अनुभवातून आलेली आहे. अपंगांच्या सोयीचे नाव पुढे करून ठेकेदारांनी टेकडी पोखरल्याचे पाप कोणीच डोक्यावर घेऊ नये. म्हणूनच वाट काँक्रीटची असण्याचा आग्रह नको. चांगला दाबलेला मुरूम, वर दगडी भुकटीचा थर, पाणी वाहून जाण्यासाठी कडेला चर आणि दर पावसाळ्यानंतर डागडुजी, एवढ्यावर चाक चालते. मात्र ती डागडुजी खरोखर व्हावी लागते. एका पावसाने पडलेली घळ पायी चालणारा ओलांडतो, चाक तेथेच संपते.

सुगमता आणि निसर्गरक्षण यांतील ओढाताण प्रत्यक्षात कोणते रूप घेते, हे माथेरानने दाखविले. १८५० मध्ये मॅलेट साहेबाच्या नजरेस ते पठार आले, १९०७ साली आदमजी पीरभॉय कुटुंबाच्या पैशाने तेथवर छोटी आगगाडी गेली आणि ‘पॉइंट’ हा शब्द मराठीत रुळविण्यात या गावाचा वाटा मोठा आहे. तेथे मोटारींना बंदी आहे. २००३ पासून तो पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील प्रदेश म्हणून घोषित आहे. झाडे वाचली, शांतता वाचली, हे निःसंशय. पण ज्याला चालता येत नाही त्याने पॉइंटपर्यंत जावयाचे कसे? एक तर घोड्यावरून, नाही तर माणसाने ओढलेल्या रिक्षातून. एकाची जकात दुसऱ्याने आपल्या खांद्यांनी भरावयाची, अशी ही व्यवस्था शंभर वर्षांहून अधिक काळ चालली. डिसेंबर २०२२ मध्ये तेथे ई-रिक्षांचा प्रयोग सुरू झाला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश देऊन ओढणाऱ्यांचे पुनर्वसन ई-रिक्षांच्या द्वारे करावे असे सांगितले. या साऱ्या वादात रिक्षा ओढणारा होता, पर्यावरणवादी होता, हॉटेलवाला होता. रिक्षात बसणारा वृद्ध किंवा अपंग पर्यटक वादी म्हणून फारसा कोठे दिसला नाही. त्याच्या नावाने बोलणारे मात्र पुष्कळ होते.

पैशाचा प्रश्न शेवटी घेतला तो गौण म्हणून नव्हे. बांधण्याचा पैसा उभा राहतो, हा आपल्याकडील नेहमीचा अनुभव आहे. नगरसेवकाचा निधी, आमदाराचा निधी, एखाद्या कारखान्याची देणगी यांतून बागेत कमानी उभ्या राहतात, पुतळे येतात, आणि ज्यांवर ‘यांच्या सौजन्याने’ ही अक्षरे बसायच्या जागेपेक्षा मोठी असतात अशी बाकडी येतात. देखभालीला मात्र कोणी सौजन्य दाखवीत नाही, कारण तीवर नाव घालता येत नाही. न्यूयॉर्कच्या ‘हाय लाइन’चे उदाहरण या बाबतीत नेहमी दिले जाते. १९८० पासून बंद पडलेला, जमिनीपासून सुमारे नऊ मीटर उंचीवरचा मालगाड्यांचा लोखंडी मार्ग पाडून टाकण्याच्या बेतात असताना १९९९ साली दोन रहिवाशांनी मित्रमंडळ स्थापन केले. २००९ साली त्याचा पहिला टप्पा उद्यान म्हणून खुला झाला. जिन्यांबरोबर उद्वाहकही आहेत, त्यामुळे चाकाची खुर्ची वर जाते. दहाव्या रस्त्यावर तर खालची वाहतूक काचेतून पाहत बसण्याचा एक खास चौकच आहे. त्या उद्यानाचा चालू खर्च जवळजवळ सर्वस्वी ते मित्रमंडळच उभारते. हे वाचून आपल्याकडील एखाद्या आयुक्तांना हर्ष होण्याचा संभव आहे. पण ज्या मंडळाला श्रीमंत देणगीदार मिळतात तेच उद्यान टिकते, हाही त्याच कथेचा अर्थ आहे. शिवाय आसपासच्या जमिनींचे भाव असे वाढले की, शेजारच्या गरीब वस्तीला ते उद्यान आपले वाटेना; संस्थापकांपैकी एकाने २०१७ मध्ये ही उणीव जाहीरपणे बोलून दाखविली. मुंबईत मलबार टेकडीवर २०२५ च्या मार्च महिन्यात झाडांमधून जाणारा ४८५ मीटरांचा उन्नत मार्ग खुला झाला, तेव्हा त्याला भारतीयांसाठी २५ रुपये तिकीट ठेवण्यात आले. पंचवीस रुपये फार नाहीत. तरी गुडघ्यातली जकात काढून खिशातली लावावयाची, हा काही आदर्श तोडगा नव्हे.

नागरिकांच्या गटाने वाट बांधावी, पण ती महापालिकेच्या पायाभूत सुविधांच्या नोंदवहीत रस्ता म्हणून चढवून घ्यावी आणि अंदाजपत्रकात तिच्या दुरुस्तीचे स्वतंत्र शीर्ष पाडून घ्यावे, हा मार्ग अधिक शहाणपणाचा. तशी मागणी करण्यास कायद्याचा आधार आता बळकट आहे. १९९५ च्या कायद्यात सार्वजनिक इमारतींतील उतारासारख्या सोयी शासनाने ‘आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत’ कराव्यात, अशी सोयीस्कर पळवाट होती. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमातील सार्वजनिक इमारतींविषयीच्या कलमात ती राहिली नाही; विरंगुळा आणि मनोरंजनाच्या वास्तूही त्या व्याख्येत आल्या. नियम जून २०१७ मध्ये आले, म्हणजे जुन्या इमारती सुगम करण्याची पाच वर्षांची मुदत जून २०२२ मध्ये सरली. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या नियमांतील सुगम्यतेचा एक नियम मूळ कायद्याशी विसंगत म्हणून रद्द ठरविला, कारण कायदा बंधन घालतो आणि नियम नुसती मार्गदर्शक तत्त्वे सांगतो. ‘अपंग’ शब्दाच्या जागी ‘दिव्यांग’ शब्द झटपट आला. पायऱ्यांच्या जागी उतार मात्र त्याच वेगाने आले नाहीत. टेकडी म्हणजे इमारत नव्हे, असा मुद्दा एखादा वाकबगार कायदा अधिकारी काढीलच. त्याला त्याच अधिनियमातील करमणूक आणि संस्कृतीविषयीचे कलम दाखवावे लागेल.

ज्या गावातील मंडळींना हे काम हाती घ्यावयाचे असेल, त्यांना नकाशा काढण्यापूर्वी एक रविवार खर्च करावा लागेल. सुरुवात टेकडीपासून करून चालणार नाही, बसथांब्यापासून करावी लागेल, कारण बसमधून उतरताच आलेली उंच पदपथाची कड ही पहिली पायरी असते. पुढे बागेचे फाटक. मोटारसायकली आणि गुरे आत शिरू नयेत म्हणून तेथे लोखंडी नळ्यांचा नागमोडी अडसर बसविलेला असतो. गुरे त्यातून कशीबशी जातात, खुर्ची जात नाही. नव्वद सेंटिमीटरांची सरळ वाट बाजूला हवी, ती सापडत नाही किंवा तिला कुलूप असते आणि किल्ली माळ्याकडे, माळी रविवारी सुट्टीवर. मग पाणी पिण्याची तोटी किती उंच आहे ते पाहावयाचे, स्वच्छतागृहाचे दार किती रुंद उघडते ते मोजावयाचे, आणि जेथे जेथे चाक थांबले तेथे खूण करावयाची. या कामाला लागणारे साहित्य म्हणजे एक मोजपट्टी, एक वही आणि एक चाकाची खुर्ची; मात्र खुर्चीत हौसेने बसलेला कार्यकर्ता नको, रोज तिच्यातून फिरणारी व्यक्तीच असावी, आणि वही तिच्या मांडीवर असावी.